डेअरीतला स्टुडिओ

(दृश्य: ओल्ड चर्च स्ट्रीट, दर्शनी भिंतीवरचे गाईचे मुख.)

लंडनच्या चेल्सी भागातल्या या इमारतीत एके काळी दुधाची डेअरी होती आणि भिंतीवरचे हे गाईचे मुख तेव्हाचेच आहे. १९६० च्या दशकाच्या मध्यावर जेफ फ्रॉस्ट आणि जॉन वुड या दोघा ध्वनितंत्रज्ञांनी येथे ‘साउंड टेक्निक्स’ हा स्टुडिओ थाटला आणि मिक्सिंगचे कन्सोलही (अनेक माइकचे आवाज एकत्र जुळवण्याचे यंत्र) स्वतःच बांधले. खोलीचे छत सगळीकडे सारख्या उंचीचे नव्हते. मधल्या उंच भागात व्हायोलिने बसवली की त्यांचा नाद मोकळा होई, टोकांच्या बुटक्या भागात आवाज आटोपशीर राही, आणि कोणाला कुठे बसवायचे, माइक किती अंतरावर ठेवायचा, हे वुड आपल्या कानाने ठरवत.

इंग्लिश गायक, गीतकार आणि गिटारवादक निक ड्रेक १९६८ मध्ये या खोलीत आला, तेव्हा तो केंब्रिजचा वीस वर्षांचा विद्यार्थी होता. त्याचा जन्म रंगूनचा. वडील ‘बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन’मध्ये अभियंते होते, एवढाच काय तो त्याचा आपल्या मुंबईशी धागा. आई मॉली पियानोवर स्वतः रचलेली गाणी म्हणत असे आणि वडील ती घरीच टेपवर उतरवून घेत.

(दृश्य: तंतुवाद्यांची हस्तलिखित स्वरलिपी.)

निर्माते जो बॉइड यांनी पहिल्या अल्बमसाठी एक अनुभवी संगीत संयोजक नेमला होता, पण त्याचे काम जमेना. तेव्हा या अबोल मुलाने केंब्रिजमधल्या रॉबर्ट कर्बी या मित्राचे नाव पुढे केले. कर्बीला स्टुडिओचा कसलाही अनुभव नव्हता. या अल्बममधल्या ‘वे टू ब्लू’ या गाण्यात निकची गिटार नाहीच, त्याचा आवाज आणि कर्बीने लिहिलेली तंतुवाद्ये एवढाच ऐवज आहे.

त्याच अल्बममधले ‘रिव्हर मॅन’ हे गाणे मात्र कर्बीला पेलले नाही. ते पाच मात्रांच्या आवर्तनात फिरते; झपतालाला सरावलेल्या आपल्या कानाला त्याचे नवल वाटणार नाही, पण इंग्लंडमधल्या लोकप्रिय गाण्यांत ही चाल विरळाच. त्यासाठी संयोजक हॅरी रॉबिन्सन यांना बोलावण्यात आले. निक गिटार घेऊन मधोमध बसला, भोवती वादक बसले, रॉबिन्सन यांनी हात उचलला आणि गाणे, गिटार, तंतुवाद्ये असे सगळे एकाच वेळी टेपवर उतरले. अशा पद्धतीत एकाचा स्वर घसरला तर साऱ्यांनाच पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. रेकॉर्डच्या वेष्टणावर ध्वनिमुद्रकाचे नाव बारीक अक्षरांत छापतात. जॉन वुड यांचे ते नाव आम्ही येथे पडदाभर दाखवत आहोत, आणि ते मुद्दाम.

१९७१ च्या ‘ब्रायटर लेटर’ या दुसऱ्या अल्बममध्ये माणसे वाढली. ड्रम्स, बेस, ब्रास, पार्श्वगायिका आणि दोन गाण्यांत वेल्श संगीतकार जॉन केल हेही आले.

(दृश्य: गिटारच्या खुंट्या, अगदी जवळून.)

त्यानंतर बॉइड अमेरिकेला गेले आणि ऑक्टोबर १९७१ मध्ये निक एकटाच वुड यांच्याकडे आला. रात्री उशिरा, इतर कामे आटोपल्यावर, दोन बैठकींत ‘पिंक मून’ या तिसऱ्या अल्बमची अकरा गाणी मुद्रित झाली. शीर्षकगीतासाठी गिटारच्या सहा तारा जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत सा, प, सा, म, सा, ग अशा लावलेल्या आहेत. त्यामुळे उतरलेली जाड तार नुसती मोकळी छेडली तरी खालून षड्ज घुमत राहतो. आणखी काही जोडायचे का, याला निकचे उत्तर नकाराचे होते. शीर्षकगीतात त्याने स्वतः वाजवलेला थोडासा पियानो नंतर भरला, तेवढीच भर. काचेपलीकडे फक्त वुड होते. जेमतेम अठ्ठावीस मिनिटांच्या या अल्बमला निर्माता, संयोजक, वादक यांपैकी कोणाचीही गरज पडली नाही. ध्वनिमुद्रकाची मात्र पडलीच.

निकच्या हयातीत या तिन्हींपैकी एकाही अल्बमच्या पाच हजारांहून अधिक प्रती खपल्या नाहीत आणि २५ नोव्हेंबर १९७४ रोजी, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, तो गेला. गाताना त्याचे एकही चलचित्र उपलब्ध नाही.

(दृश्य: रिकामी खुर्ची, समोर दोन माइक.)

त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात तो शेवटचा या स्टुडिओत आला होता. वाद्यवृंदाच्या मधोमध बसून एका दमात गाणाऱ्या-वाजवणाऱ्या निकला आता दोन्ही एकदम जमत नव्हते. वुड यांनी आधी गिटार मुद्रित केली आणि मग आवाज.