उत्तर नेमकं कुठे चुकतं?

अभियांत्रिकीच्या वर्गात गाउसची पद्धत (एकेक अज्ञात काढून टाकत समीकरणं सोडवणं) शिकवताना आपण उदाहरणं अशी निवडतो, की उत्तर सुटसुटीत पूर्णांकात यावं. त्यात तास वेळेवर संपतो, पण मुलांची समजूत होते की कृती बरोबर केली की उत्तर बरोबरच येणार. पुढे हीच मुलं शेकडो समीकरणं संगणकाला देणार आहेत आणि संगणक प्रत्येक पायरीवर ठरावीकच अंक राखतो. तेव्हा पहिल्याच आठवड्यात एक चुकणारं उदाहरण फळ्यावर यायलाच हवं.

हे घ्या: ०.०००१क्ष + य = १ आणि क्ष + य = २. अट एकच, प्रत्येक पायरीला तीन सार्थ अंक ठेवायचे. पहिलं समीकरण १०,००० ने गुणून दुसऱ्यातून वजा केलं, की −९९९९य = −९९९८ मिळतं. तीन अंकांत दोन्हीकडे −१०,००० होतात, म्हणून य = १. ही किंमत पहिल्या समीकरणात घातली की क्ष = ०. आता ताळा करायला सांगा. दुसरं समीकरण जुळत नाही! खरं उत्तर क्ष साधारण १.०००१ आणि य साधारण ०.९९९९. म्हणजे य मध्ये चूक फक्त ०.०००१ ची होती, पण ०.०००१ ने भागताना ती दहा हजार पट झाली आणि क्ष पुरता हातचा गेला. समीकरणांची अदलाबदल करून पुन्हा सोडवा, तीनच अंक ठेवून क्ष = १, य = १ येतं. पिव्हट, म्हणजे ज्याने भागायचं तो सहगुणक, मोठा का निवडायचा, हे आता वेगळं सांगावं लागत नाही. मात्र ही आकडेमोड मुलांच्या हातून होऊ द्या. आपणच फळ्यावर केली, तर ती फक्त उतरवून घेतात.

दुसऱ्या तासाला क्ष + य = २ आणि क्ष + १.०००१य = २.०००१. उत्तर १ आणि १. उजवीकडे २.०००१ च्या जागी २.०००२ लिहा, उत्तर थेट ० आणि २. इथे ओळी बदलून काही साधत नाही. आलेख काढला तर दोन रेषा जवळजवळ एकमेकींवर पडतात, छेदनबिंदू जरा धक्का लागला की दूर सरकतो. पहिल्या उदाहरणात दोष पद्धतीचा होता, इथे तो प्रश्नातच आहे. मुलं या दोन गोष्टींची हमखास गल्लत करतात, त्यामुळे इथे घाई नको.

‘निश्चयक (डिटरमिनंट) लहान आहे म्हणून असं होतं’ असं कुणीतरी म्हणेलच. त्याला दहा बाय दहाचा मॅट्रिक्स द्या, कर्णावर सगळीकडे ०.१ आणि बाकी शून्य. निश्चयक ०.००००००००१ पेक्षाही लहान, तरी समीकरणं बिनधोक सुटतात. पाहायचा तो कंडिशन नंबर, म्हणजे दिलेल्या आकड्यांतली चूक उत्तरात किती पट वाढू शकते ते सांगणारा आकडा. इथे तो १ आहे, दुसऱ्या तासाच्या जोडीत सुमारे ४०,०००.

पदव्युत्तर वर्गात यापुढे लीस्ट स्क्वेअर्स घ्यावं, म्हणजे समीकरणं अज्ञातांपेक्षा जास्त असताना चुकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी ठेवणारं उत्तर काढणं. मॅट्रिक्सला त्याच्याच ट्रान्सपोजने गुणून नॉर्मल समीकरणं मांडायची सवय तिथे पक्की झालेली असते, पण त्यात कंडिशन नंबरचा वर्ग होतो. मूळ आकडा दहा कोटी असेल, तर वर्ग एकावर सोळा शून्यं, आणि डबल प्रिसिजनमध्ये, म्हणजे संगणकाच्या नेहमीच्या आकडेमोडीत, अंकच जेमतेम सोळा असतात. आधी हा बिघाड त्यांना संगणकावर पाहू द्या, क्यूआर पद्धतीने (मॅट्रिक्सचे ऑर्थोगोनल आणि त्रिकोणी असे दोन अवयव पाडून) तोच प्रश्न सोडवून फरक ताडू द्या. वर्ग का होतो याची सिद्धता त्यानंतर, सिंग्युलर व्हॅल्यूंवरून (मॅट्रिक्स वेगवेगळ्या दिशांना किती ताणतो ते सांगणारे आकडे), दोन-तीन ओळींत होते.