जनरल मोटर्स : हिशेबाच्या जोरावर वाढलेली मोटार कंपनी

मोटारींचा विषय निघाला की हेन्री फोर्ड यांचे नाव हमखास निघते. विल्यम ड्युरंट यांचे क्वचितच निघते, आणि आल्फ्रेड स्लोन हे नाव तर व्यवस्थापनशास्त्राच्या विद्यार्थ्यांपलीकडे फारसे कोणाला ठाऊक नसते. तरीही १९३१ पासून २००७ पर्यंत, म्हणजे तब्बल सत्त्याहत्तर वर्षे, जगात सर्वाधिक मोटारी विकण्याचा मान या दोघांनी घडवलेल्या जनरल मोटर्सकडे होता. या कंपनीची कथा यंत्रांपेक्षा विक्रीची, उधारीची आणि हिशेबाची अधिक आहे. तिच्या उत्कर्षाची आणि घसरणीचीही कारणे कारखान्यापेक्षा कचेरीत जास्त सापडतात.

मिशिगन राज्यातल्या फ्लिंट शहराला प्रथम लाकडाच्या व्यापाराने पैसा दिला. आसपासची पाइनची जंगले विरळ झाली, तेव्हा तोच पैसा आणि तेच कसबी हात घोडागाड्यांच्या कारखान्यांकडे वळले. ड्युरंट हे अशाच एका लाकूड व्यापाऱ्याचे नातू. त्यांचे आजोबा मिशिगनचे गव्हर्नरही होते. १८८६ मध्ये डॅलस डॉर्ट यांच्या भागीदारीत त्यांनी दुचाकी घोडागाड्यांचा व्यवसाय सुरू केला आणि शतक संपेपर्यंत तो अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या घोडागाडी उत्पादकांपैकी एक झाला. मोटार हे वाहन मात्र त्यांना आरंभी मुळीच आवडत नसे. तिचा आवाज, तिचा वास आणि तिच्यामुळे बिथरणारे घोडे यांचा त्यांना तिटकारा होता.

फ्लिंटमध्येच ब्यूइक नावाची एक अडचणीतली कंपनी होती. स्कॉटलंडहून आलेले तिचे संस्थापक डेव्हिड ब्यूइक हे मूळचे नळकामाच्या धंद्यातले, आणि ओतीव लोखंडाच्या न्हाणीच्या टबांवर एनॅमल चढवण्याच्या पद्धतीमुळे नावारूपाला आलेले. १९०४ मध्ये ड्युरंट यांनी ही कंपनी हाती घेतली आणि चार वर्षांत तिला देशातल्या अग्रगण्य मोटार कंपन्यांच्या रांगेत आणून बसवले. पुढे १६ सप्टेंबर १९०८ रोजी, फोर्ड यांची मॉडेल टी बाजारात येण्याच्या अवघे काही दिवस आधी, न्यू जर्सी राज्यात जनरल मोटर्सची नोंदणी झाली. ही कंपनी स्वतः काहीच बनवत नव्हती. इतर कंपन्यांचे समभाग ताब्यात ठेवणे एवढेच तिचे काम होते. दोन वर्षांच्या आत ब्यूइक, ओल्ड्समोबिल, ओकलंड आणि कॅडिलॅक यांच्यासह सुटे भाग बनवणाऱ्या अनेक लहानमोठ्या कंपन्या तिच्या छत्राखाली आल्या. १९०९ मध्ये ड्युरंट यांनी फोर्ड कंपनीसुद्धा ऐंशी लाख डॉलरला विकत घेण्याची बोलणी केली होती. फोर्ड यांनी रोख रकमेचा आग्रह धरला, बँकांनी ती देण्यास नकार दिला आणि तो व्यवहार तेथेच थांबला.

ड्युरंट यांना खरेदीची हौस दांडगी होती आणि विकत घेतलेले सांभाळण्याचा मात्र कंटाळा होता. १९१० मध्ये रोकड आटली आणि कर्ज देणाऱ्या बँकांनी कंपनीची सूत्रे स्वतःकडे घेतली. दुसरा कोणी असता तर गाशा गुंडाळून बसला असता. ड्युरंट यांनी स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले शर्यतपटू लुई शेवरोले यांना सोबत घेऊन १९११ मध्ये शेवरोले कंपनी काढली, तिच्या समभागांच्या बदल्यात जनरल मोटर्सचे समभाग गोळा केले आणि १९१६ मध्ये आपलीच जुनी कंपनी पुन्हा ताब्यात घेतली. एवढा नाट्यमय डाव उद्योगजगतात विरळाच. मात्र १९२० च्या मंदीत समभागांची किंमत कोसळू लागली, तेव्हा ती सावरण्यासाठी त्यांनी उसने पैसे काढून खरेदी चालू ठेवली आणि त्यातच सारे गमावले. कंपनीत मोठी गुंतवणूक असलेल्या, रसायनउद्योगातल्या ड्यू पाँ मंडळींनी त्यांचे देणे भागवले, आणि ते दुसऱ्यांदा व कायमचे बाहेर पडले. १९३६ मध्ये ते वैयक्तिक दिवाळखोर ठरले. उतारवयात त्यांनी फ्लिंटमध्ये बोलिंगच्या खेळाचे केंद्र चालवले.

यानंतर पडद्यावर जो चेहरा दिसतो तो सर्वस्वी वेगळ्या स्वभावाचा आहे. आल्फ्रेड स्लोन हे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे विद्युत अभियंता होते आणि बेअरिंग बनवणाऱ्या आपल्या कंपनीसह ड्युरंट यांच्या गोतावळ्यात आले होते. १९२३ मध्ये ते अध्यक्ष झाले. त्या वेळी कंपनीच्या निरनिराळ्या शाखा एकमेकींचेच गिऱ्हाईक पळवत होत्या आणि कोणत्या गाडीवर नफा होतो, कोणत्या गाडीवर तोटा, याचा नीट ताळेबंद कोणाकडे नव्हता. स्लोन यांनी प्रत्येक शाखेला कारभाराचे स्वातंत्र्य दिले, पण पैशाचा हिशेब मध्यवर्ती कचेरीत आणला. ड्यू पाँ कंपनीतून आलेल्या डोनाल्डसन ब्राउन यांनी गुंतवलेल्या भांडवलावर किती परतावा मिळतो, ही एकच मोजपट्टी सर्व शाखांना लावली. १९२४ मध्ये वितरकांच्या आवारात न विकलेल्या गाड्यांच्या रांगा स्लोन यांनी स्वतः फिरून पाहिल्या आणि उत्पादन ताबडतोब कमी करण्याचे आदेश दिले. पुढे वितरकांकडून दर दहा दिवसांनी विक्रीचा आकडा मागवण्याची पद्धतच पडली.

फोर्ड यांच्याशी स्वस्ताईत स्पर्धा करणे अशक्य होते, कारण मॉडेल टीची किंमत उतरत उतरत २६० डॉलरपर्यंत आली होती. स्लोन यांनी वेगळी वाट धरली. प्रत्येक ऐपतीच्या आणि प्रत्येक गरजेच्या माणसासाठी एक गाडी, असे त्यांचे धोरण होते. तळाला शेवरोले, मग पुढे पाँटिअॅक झालेली ओकलंड, नंतर ओल्ड्समोबिल, ब्यूइक आणि शिखरावर कॅडिलॅक, अशी ती चढण होती. पगार वाढला की गिऱ्हाइकाने एक पायरी चढावी, पण जिना मात्र जनरल मोटर्सचाच असावा. १९१९ मध्ये स्थापन झालेली कंपनीची स्वतःची वित्तसंस्था हप्त्यांवर गाडी देत होती. फोर्ड यांना उधारी नैतिकदृष्ट्या अमान्य होती. त्यांच्या योजनेत गिऱ्हाइकाने आठवड्याला पाच डॉलर साठवत जायचे आणि पूर्ण किंमत जमल्यावरच गाडी घरी न्यायची. माणसाला गाडी आज हवी असते, हे फोर्ड यांच्यापेक्षा स्लोन यांना अधिक कळले होते. १९२७ मध्ये मॉडेल टीचे उत्पादन थांबले आणि त्याच वर्षी शेवरोलेने विक्रीत फोर्डला मागे टाकले. त्याच वर्षी हॉलिवूडच्या धनिकांसाठी मोटारींचे खास सांगाडे घडवणारे हार्ली अर्ल कंपनीत आले. मातीच्या प्रतिकृतींवरून गाडीचे रूप ठरवण्याची आणि दर वर्षी ते रूप थोडे बदलून कालची गाडी जुनाट वाटायला लावण्याची कला त्यांनी पूर्णत्वाला नेली.

याच काळात कंपनीच्या प्रयोगशाळेतून एक असा शोध बाहेर पडला, ज्याचे परिणाम साऱ्या जगाला भोगावे लागले. कॅडिलॅकला विजेवर चालणारा सेल्फ-स्टार्टर देऊन हाताने हँडल फिरवण्याची धोक्याची कसरत संपवणारे चार्ल्स केटरिंग आणि त्यांचे सहकारी थॉमस मिजली यांनी १९२१ मध्ये पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळले की इंजिन ठोके देत नाही, हे सिद्ध केले. १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या कारखान्यात हे संयुग बनवणारे कामगार भ्रमिष्ट होऊन मरण पावले. तरीही शिसेमिश्रित पेट्रोल जगभर पोहोचले आणि ते हटवायला पुढे अनेक दशके लागली.

कंपनीचा व्यापार याच सुमारास समुद्रापलीकडे गेला. ब्रिटनमधली व्हॉक्सहॉल १९२५ मध्ये, तर जर्मनीतली ओपेल १९२९ मध्ये तिच्या ताब्यात आली. १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे जनरल मोटर्सचा जुळणी कारखाना सुरू झाला. जहाजातून पेट्यांत भरून आलेले सुटे भाग येथे जोडले जात आणि शेवरोलेच्या मोटारी व मालमोटारी देशभर जात. स्वातंत्र्यानंतर, १९५३ मध्ये, आयातशुल्काविषयी सरकारला सल्ला देणाऱ्या टॅरिफ कमिशनने ज्यांच्याकडे देशातच भाग बनवण्याची योजना असेल त्यांनाच परवानगी मिळावी अशी शिफारस केली, आणि १९५४ मध्ये कंपनीने शिवडीचे काम बंद केले. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर धावलेली एसटीची पहिली बस बेडफर्ड बनावटीची होती, आणि बेडफर्ड हा व्हॉक्सहॉलचाच, म्हणजे पर्यायाने जनरल मोटर्सचा, व्यापारी वाहनांचा छाप होता.

हिशेबाच्या या यंत्रणेत कामगार हा खर्चाच्या बाजूचा एक आकडा होता. ३० डिसेंबर १९३६ रोजी फ्लिंटमध्ये त्या आकड्याने काम थांबवले. गाड्यांचे सांगाडे ज्या साच्यांवर दाबून बनवले जात, त्यांतले महत्त्वाचे साचे फिशर बॉडी क्रमांक १ या कारखान्यात होते. ते रेल्वेच्या वाघिणींत भरून अन्यत्र हलवले जात असल्याचे दिसताच कामगारांनी कारखान्यातच ठाण मांडले. ते मोटारींच्या गाद्यांवर झोपत, दारूला मनाई होती, साफसफाईच्या पाळ्या ठरलेल्या होत्या. न्यायाधीश एडवर्ड ब्लॅक यांनी त्यांना बाहेर काढण्याचा हुकूम दिला. पण खुद्द न्यायाधीशांकडेच कंपनीचे तीन हजारांहून अधिक समभाग असल्याचे उघडकीस आले आणि तो हुकूम हास्यास्पद ठरला. ११ जानेवारीला ऐन थंडीत कंपनीने एका कारखान्याची ऊब बंद केली, पोलिसांनी अश्रुधूर सोडला, आणि आतल्या कामगारांनी मोटारींच्या दारांच्या लोखंडी बिजागऱ्या फेकून व पाण्याचे फवारे मारून पोलिसांना पिटाळले. रस्त्यावर स्त्रियांची स्वतंत्र तुकडी उभी राहिली. गव्हर्नर फ्रँक मर्फी यांनी सैन्यदल बोलावले, पण कामगारांवर चालून जाण्याची आज्ञा त्याला दिली नाही. चव्वेचाळीस दिवसांनी, ११ फेब्रुवारी १९३७ रोजी, जगातल्या सर्वांत बलाढ्य मोटार कंपनीने युनायटेड ऑटो वर्कर्स या संघटनेला मान्यता दिली.

युद्धकाळात कंपनीने मोटारी थांबवून विमाने, रणगाडे आणि तोफगोळे बनवले. नंतरची दोन दशके सुबत्तेची होती. १९५३ मध्ये संरक्षणमंत्री होऊ घातलेले कंपनीचे अध्यक्ष चार्ल्स विल्सन यांनी सिनेटच्या समितीपुढे, जे देशाच्या हिताचे ते जनरल मोटर्सच्या हिताचे आणि त्याच्या उलटही खरे, अशा आशयाचे उद्गार काढले, आणि त्या काळी ते फारसे अतिशयोक्तही नव्हते. १९५५ मध्ये एका वर्षात एक अब्ज डॉलरहून अधिक निव्वळ नफा मिळवणारी ती पहिली अमेरिकन कंपनी ठरली. देशात विकल्या जाणाऱ्या दर दोन गाड्यांपैकी जवळजवळ एक तिची होती.

तडे पडायला सुरुवात झाली ती गर्वातून. कंपनीच्या कॉर्वेअर या गाडीवर टीका करणारे वकील राल्फ नेडर यांच्या मागे तिने गुप्तहेर लावले, आणि मार्च १९६६ मध्ये अध्यक्ष जेम्स रोश यांना सिनेटपुढे जाहीर माफी मागावी लागली. १९७३ च्या तेलटंचाईनंतर कमी पेट्रोल पिणाऱ्या जपानी गाड्यांना अमेरिकेत गिऱ्हाईक मिळू लागले. १९८४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट येथे टोयोटाशी भागीदारी करून कंपनीने जपानी कार्यपद्धती जवळून पाहिली. एके काळी बेशिस्तीसाठी कुप्रसिद्ध असलेल्या त्याच कामगारांनी तेथे उत्तम गाड्या बनवल्या, तरी हा धडा इतर कारखान्यांत उतरायला फार वेळ लागला. १९९६ मध्ये आणलेली ईव्ही-१ ही विजेवरची मोटार केवळ भाड्याने दिली गेली आणि नंतर परत घेऊन बहुतेक गाड्या चिरडण्यात आल्या. त्याऐवजी कंपनी मोठ्या पिकअप गाड्यांवर विसंबून राहिली, कारण नफा तेथे होता.

निवृत्तांचे वेतन आणि आरोग्यखर्च यांचा बोजा एकेका गाडीमागे सुमारे १,५०० डॉलरपर्यंत गेला होता. २००८ मध्ये पेट्रोल महागले, पाठोपाठ कर्जबाजार गोठला आणि १ जून २००९ रोजी कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. तेव्हा तिची मालमत्ता ८२ अब्ज डॉलरची आणि देणी सुमारे १७३ अब्ज डॉलरची होती. सरकारने जवळजवळ ५० अब्ज डॉलर ओतून चाळीस दिवसांत नवी कंपनी उभी केली. पाँटिअॅक आणि सॅटर्न हे छाप बंद झाले. ओल्ड्समोबिल त्याआधीच, २००४ मध्ये, संपली होती. सरकारने शेवटचे समभाग २०१३ च्या डिसेंबरमध्ये विकले, तेव्हा करदात्यांचे दहा अब्जांहून अधिक डॉलर बुडाले होते.

जानेवारी २०१४ मध्ये मेरी बॅरा प्रमुख झाल्या. त्यांचे वडील पाँटिअॅकच्या कारखान्यात साचे घडवणारे कारागीर होते आणि त्या स्वतः अठराव्या वर्षी कामाला लागल्या होत्या. काही आठवड्यांतच इग्निशन स्विचचे प्रकरण बाहेर आले. किल्ली हलक्या धक्क्यानेही सरकत असे, इंजिन बंद पडे आणि एअरबॅग उघडत नसे. दोष कंपनीतल्या अनेकांना सुमारे दशकभर ठाऊक होता. २००६ मध्ये स्विच गुपचूप बदलण्यात आला, पण भागाचा क्रमांक बदलला नाही. २६ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या आणि १२४ मृत्यूंसाठी भरपाई दिली गेली. चौकशी अहवालात एका सवयीचे वर्णन आहे : बैठकीत सर्वांनी माना डोलावायच्या आणि बाहेर पडल्यावर कोणीच काही करायचे नाही. स्लोन यांनी बसवलेल्या समित्यांच्या व्यवस्थेचे इतके नेमके शवविच्छेदन दुसरे नसावे.

भारतात कंपनी १९९० च्या दशकात परतली होती. गुजरातमधल्या हालोलनंतर २००८ मध्ये पुण्याजवळ तळेगाव येथे तिचा मोठा कारखाना सुरू झाला आणि तेथून निघणारी शेवरोले बीट महाराष्ट्राच्या रस्त्यांवर सर्रास दिसू लागली. परंतु परताव्याची मोजपट्टी येथेही लावली गेली. २०१७ च्या अखेरीस देशातली विक्री थांबली. त्याच वर्षी ओपेल आणि व्हॉक्सहॉल विकून कंपनी युरोपातूनही बाहेर पडली. तळेगावात निर्यातीसाठी चाललेले उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये थांबले आणि हजाराहून अधिक कामगारांच्या कपातीचा वाद न्यायालयात गेला. चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सशी झालेला विक्रीचा करार सरकारी मंजुरीअभावी २०२२ मध्ये बारगळला. अखेर ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईने हा कारखाना घेण्याचा करार केला.