औशाच्या भिंतीवर मोनेची बनीम

लातूर जिल्ह्यातलं, औसा तालुक्यातलं हे घर. बैठकीत टीव्हीच्या वर एक चित्र टांगलंय. रानात दोन गंजी, त्यांच्यावर उन्हाळा सरतानाचं ऊन. आलेला पाहुणा हमखास विचारतो, कुणाचं रान हे?

रान फ्रान्समधलं, जिव्हर्नी गावचं. तिथल्या क्लोद मोने या चित्रकारानं १८९०-९१ मध्ये घराशेजारच्या शेतातल्या या गंजी पंचवीसेक वेळा रंगवल्या. ऊन बदललं की तो कॅनव्हास बदलायचा.

आपल्याकडे या चित्रांना सर्रास ‘गवताच्या गंजी’ म्हणतात. इथल्या आजींनी मात्र चित्र टांगलं त्याच दिवशी सांगितलं, “कडब्याची गंज न्हाई ही. बनीम हाय बघ.”

आजींचं बरोबर आहे. बनीम म्हणजे मळणीआधी रचून ठेवलेला माल. आत गव्हाच्या पेंढ्या आहेत, दाण्यासकट. मळणीयंत्र गावोगाव फिरायचं; आपला नंबर लागेपर्यंत माल असा रचून, वरून शाकारून ठेवायचा. आपलं सोयाबीन ताडपत्रीखाली थांबतं, तसंच.

मूळ चित्र शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे, साधारण ६० बाय १०० सेंटिमीटर. संग्रहालयानं २०१८ मध्ये अशा जुन्या चित्रांच्या मोठ्या फायली सगळ्यांना फुकट खुल्या केल्या. नातवानं त्यातली एक उतरवून लातूरला छापायला दिली. दुकानातला कागद १२ बाय १८ इंची. चित्राला मात्र १२ इंच उंचीला २० इंच रुंदी लागते. मग काय, कडेचं दोन इंच रान गेलं. बांध कोरणारा मोनेलाही भेटलाच.

आता भिंग लावून सावलीकडे बघा. मोने सावलीत काळा रंग टाळायचा; निळा, जांभळा, तांबडा शेजारी शेजारी लावायचा. छपाईत चार शाया: निळी, गुलाबी, पिवळी आणि काळी. आणि काळे ठिपके दाटलेत ते नेमके सावलीतच. त्याला हे रुचलं नसतं. पण छापील चित्रांना नाक मुरडणाऱ्यांतलाही तो नव्हता. लाकडी ठशांनी छापलेली दोनशेहून जास्त जपानी चित्रं त्यानं जमवली होती, आणि जेवणाच्या खोलीतसुद्धा लावली होती.

भिंतीवरची ही दुसरी प्रत. पहिली पश्चिमेच्या खिडकीसमोर होती. दोन उन्हाळ्यांत गुलाबी आणि पिवळी शाई उडाली, अख्खी बनीम निळी पडली.

“भिजली व्हय रे?” आजींनी विचारलं.

ती प्रत कपाटामागं ठेवलीय. टाकू देत नाहीत.