नाशिकच्या घरातला निळा उजेड

(पडदा काळा. पंप चालू असल्याचा आवाज. मग हळूहळू निळा उजेड.)

सातपूरमधलं दोन खोल्यांचं घर. संध्याकाळचे साडेसात. स्वयंपाकघरात कुकरची तिसरी शिट्टी झालीय, आणि बाहेरच्या खोलीत भिंतीवर लाटा हलताहेत. तिथे काचेच्या टाकीत खाऱ्या पाण्यातले समुद्री जीव पाळलेत.

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर वर. नळाला येतं ते गंगापूर धरणाचं गोडं पाणी. ते आरओतून काढायचं, मग लिटरमागे साधारण 35 ग्रॅम क्षार होतील एवढं समुद्री मीठ त्यात घोळवायचं. हा उद्योग माझा थोरला भाऊ करतो. दादा एमआयडीसीत टूलरूमला आहे. टाकी, पंप, वाळू सगळं जमलं. अडलं ते दिव्यापाशी. तयार दिव्याची किंमत ऐकून वहिनी एवढंच म्हणाली, "एवढ्यात फ्रिज बदलून होतो."

(क्लोजअप : दगडाला चिकटलेलं, बशीएवढं मशरूम.)

हे मशरूम नावापुरतं. हा प्राणी आहे, प्रवाळांचा सख्खा नातेवाईक. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं; ते उजेडावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतं. टणक सांगाड्याची, खडक बांधणारी प्रवाळं मात्र इथे दिसणार नाहीत. 2001 पासून ती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला.

समुद्रात खाली जाल तसा लाल रंग आधी विरतो, निळा खोलवर पोचतो. या शैवालाची भूक त्या निळ्याचीच, साधारण 420 ते 480 नॅनोमीटरची. आपल्या डोळ्याला तो मंद वाटतो, म्हणून नवखा माणूस पांढरे दिवे वाढवत बसतो. 1993 साली शुजी नाकामुरांनी प्रखर निळा एलईडी जमवला नसता, तर दादा आज भल्यामोठ्या, तापणाऱ्या मेटल हॅलाइड दिव्याखाली घाम पुसत असता. पांढरा एलईडीही मुळात निळाच असतो. नीट बघा, याच्यावर पिवळा ठिपका आहे ना? तो फॉस्फरचा थर, निळ्यातला काही उजेड पिवळा करणारा. निळ्यावर तो नाही.

(टेबल. अ‍ॅल्युमिनियमच्या चांदणीसारख्या चकत्या, नखाएवढ्या.)

तीन वॉटचे चोवीस एलईडी, एकेका चकतीवर एकेक. बारा-बाराच्या दोन माळा. प्रत्येकीत आठ निळे, चार पांढरे. एकेकाला साधारण 3.3 व्होल्ट लागतात, म्हणजे माळेला चाळीसच्या आसपास. साधा अडॅप्टर इथे चालत नाही. एलईडी तापला की त्याला व्होल्टेज कमी पुरतं. अडॅप्टर तेवढंच देत राहिला की करंट चढतो, करंट चढला की तो आणखी तापतो. म्हणून करंट 700 मिलिअँपिअरवर धरून ठेवणारा ड्रायव्हर.

एलईडींची धग ओढून घेणारा हीटसिंक भंगारातला. जुन्या वेल्डिंग मशीनच्या पोटातून निघालेला, पात्यापात्यांचा. दादाने त्याला ड्रिल मारलं, टॅप मारून आटे पाडले, चकत्यांखाली थर्मल पेस्ट लावून स्क्रू आवळले. पण सोल्डरचे थेंब त्याने आधीच, चकत्या सुट्या असताना घेतले होते. एकदा बसवल्या की 25 वॉटच्या सोल्डरिंग आयर्नची धग हीटसिंकच पिऊन टाकतो.

पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा एक माळ पेटली, दुसरी ढिम्म. गणपतीच्या आराशीत ज्याने माळा दुरुस्त केल्यात, त्याला हे नवं नाही. मल्टिमीटर घेऊन जोड अन् जोड तपासला. सातवा ड्राय सोल्डर निघाला, म्हणजे वरून जुळलेला, आतून सुटा.

(दिवा टाकीवर, पाण्यापासून वीतभर उंच.)

मिठाचं पाणी आणि 230 व्होल्ट यांच्यात दादा थट्टा करत नाही. लाइनवर ईएलसीबी आहे, करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच. प्रत्येक वायर प्लगच्या खालपर्यंत झोळ देऊन मग वर नेलीय, म्हणजे ओघळलेला थेंब झोळातच गळून पडतो.

चुकलं ते पुढे. पहिल्याच दिवशी फुल्ल पॉवर, दहा तास. आधी ट्यूबलाइटखाली दिवस काढलेल्या जिवांना एकदम वैशाखातलं ऊन! तिसऱ्या दिवशी मशरूमच्या कडा आत वळल्या. आठवड्यात एकाचा रंग उतरून ते पांढुरकं झालं. उजेड सोसवेना की प्राणी आपल्याच अंगातलं शैवाल बाहेर टाकतो. उजेड मोजायचा मीटर मिळतो, पण तो या दिव्याहून महाग.

"अरे, जेवढा उजेड तेवढं बरं, असंच वाटलं होतं मला," दादा म्हणतो.

मग डिमर बसवला. वीस टक्क्यांपासून सुरुवात, आठवड्याला थोडंथोडं वर. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकला की टाकीवर पंखा सोडायचा. पाणी 26 अंशांपुढे जाऊ द्यायचं नाही. पंख्याने पाणी उडतं, मीठ मागे राहतं, म्हणून रोज भर घालायची ती बिनमिठाच्या पाण्याची. हे काम वहिनीकडे आहे. ती म्हणते, तुळशीला घालतेच, तसं इथेही.

(क्लोजअप : डिमरची फिरकी.)

फिरकीवर लाल रेघा दिसतात, त्या वहिनीच्या नेलपॉलिशच्या. दर आठवड्याला एक. पांढुरकं झालेलं मशरूम अजून जगतंय. देठाशी रंग परतलाय, कडेला नाही. शेवटची रेघ चाळीसवर आहे, आणि तिच्यापुढे कुणी हात लावायचा नाही.