साती आसरा आणि लँकशायरची जेनी

नमस्कार मंडळी! जेवणाच्या आधी मला उभं केलंय आणि आत मसालेभाताची झाकणं वाजतायत, त्यामुळे सरळ भुतांवरच येते.

माझं आजोळ वाईच्या वरच्या अंगाला, कृष्णाकाठी. डोहावर शेंदूर फासलेले सात दगड होते, साती आसरा. आजी म्हणायची भर दुपारी तिकडे फिरकायचं नाही, ओढून नेतात. घाबरायचो, पण नावं कधी विचारली नाहीत. मोठेपणी वाचली तर मत्सी, कूर्मी, कर्कटी, दर्दुरी, मकरी, जतुपी, सोमपा. म्हणजे बघा, मासळी, कासवी, खेकडी, बेडकी, मगरी! अप्सरेवरून आसरा झालं म्हणतात, पण ह्या स्वर्गातल्या कसल्या, अख्खा डोहच की हो तो.

आणि इथे इंग्लंडात, लँकशायरमध्ये आमच्या शेजारच्या आजीबाई तळ्यावर हिरवा थर दिसला की म्हणतात, जेनी आली. जेनी ग्रीनटीथ, हिरव्या दातांची, पोरांना खाली खेचणारी बाई. पण इकडची जुनी माणसं त्या डकवीडलाच, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या त्या हिरव्या वनस्पतीलाच जेनी म्हणतात! मसुराच्या डाळीएवढी पानं, त्याहूनही बारीक, इतकी दाट की पाणी लॉनसारखं दिसतं. मी काठी खुपसून पाहिली, खाली काळंभोर पाणी, काठी काढली आणि थर हळूहळू परत मिटला... अंगावर काटा आला, खरंच. पोरगं गेलं तर वरून कळणारसुद्धा नाही.

मला वाटायचं इथली माणसं नुसती घाबरवतात, आपण खण-नारळ, हिरव्या बांगड्या देऊन ओटी भरतो, रागावलेल्या बाईला माहेरवाशीण करून टाकतो. पण क्लिदरोजवळ रिबल नदीची पेग ओ'नेल आहेच की. गोष्टीत ती वॅडो हॉलची मोलकरीण, पाणी आणायला गेली आणि पडून मेली, आता दर सात वर्षांनी नदीला एक जीव लागतो, नाहीतर मांजर, कुत्रं, पक्षी काहीतरी बुडवा. म्हणजे सौदा इथेही होताच, फक्त आपला खण बरा. तिथे झऱ्यापाशी बिनडोक्याची एक दगडी मूर्ती आहे, तिला पेगच म्हणतात.

आमचे सात दगड धोम धरणात गेले. बायकांनी वर काठावर नवीन सात मांडले, शेंदूर त्यांना लावतात पण ओटी मात्र पाण्यातच सोडतात.

असो, पुढच्या पिकनिकला रिबलवर जायचंय, गाडीत जागा असेल त्यांनी जेवताना मला गाठा.