मधली सुट्टी

गोव्यातील डिचोली तालुक्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेची ही मधली सुट्टी. लगोरीचा चेंडू पाठीला लागला की नाही, या वादातून चौथीतील दोन मुलगे एकमेकांची कॉलर धरून तांबड्या चिखलात लोळत आहेत. शिक्षिका धावत येतात, दोघांना सोडवतात, आणि भांडण तिथेच मिटते.

त्याच वेळी व्हरांड्यात चतुर्थीच्या फुगडीचा सराव चालला आहे. एक मुलगी रिंगणात शिरण्यासाठी हात पुढे करते. तिच्या दोन्ही बाजूंच्या मुली तिच्यासमोरून एकमेकींचे हात धरतात आणि रिंगण मिटते. आरडाओरडा झालेला नाही, त्यामुळे इकडे कोणाचेच लक्ष गेलेले नाही.

अशा न दिसणाऱ्या आक्रमकतेचा शोध 1980 च्या दशकात फिनलंडमधील संशोधकांनी घेतला. पुढे 1995 मध्ये अमेरिकेत निकी क्रिक आणि जेनिफर ग्रोटपीटर यांनी तिसरी ते सहावीच्या 491 मुलांना वर्गाची नावनिशी देऊन विचारले, की रागावल्यावर कोण मारते, आणि रागावल्यावर दुसऱ्याला आपल्या गटात येऊ देत नाही असे कोण. प्रत्येक प्रश्नाला तीनपर्यंत नावे द्यायची होती. शिक्षकांच्या नजरेतून सुटणारी गोष्ट वर्गमित्रांना नेमकी ठाऊक असते, यावर ही पद्धत उभी आहे. मारामारीत मुलग्यांची नावे अधिक आली, वगळण्यात मुलींची.

यावरून मुलीच कुजकट असतात, असा सोयीचा निष्कर्ष मात्र काढता येत नाही. नोएल कार्ड आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये 148 अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा मारामारीत मुलगे स्पष्टपणे पुढे दिसले. आडून केलेल्या छळात मुलगे आणि मुली यांच्यातील फरक नगण्य ठरला. क्रिकेटसाठी गडी वाटून घेताना शेवटपर्यंत उभा राहिलेला मुलगाही वगळलेलाच असतो.

वगळली गेलेली मुले एकटी पडतात, शाळा नकोशी होते. वगळणारेही पुष्कळांना नावडते होतात.

या शाळेत आता क्रिकेटचे गडी चिठ्ठ्या टाकून वाटले जातात. फुगडीच्या रिंगणात कोणी यायचे, हे मात्र अजून मुलीच ठरवतात, आणि त्या वेळी शिक्षिका मैदानावर असतात.