ओढ्याकाठची अंगणवाडी

(दृश्य : सकाळ. पायवाटेवरून दोरी धरून चाललेली मुलं.)

सातपुड्याच्या पायथ्याचा, यावल तालुक्यातला हा पाडा. माघ सरत आलाय. खानदेशात लहान मुलांना रानात न्यायचं तर हेच दिवस. चैत्र लागला की आठ वाजताच ऊन चटका द्यायला लागतं.

पुढे सेविकाताई, मागे मदतनीसताई, मधे तीन ते सहा वर्षांची पोरं. दोरीला गाठी आहेत. एका गाठीला एक मूल. गाठ रिकामी दिसली की मागून लगेच कळतं.

(दृश्य : ओढ्याचं पात्र, ताई दगड उलटून बघतायत.)

ताई आदल्या दिवशीच इथे येऊन गेल्या. डोहात पाणी किती, आग्यामोहोळ कुठे लटकलंय, कुठल्या वेलीवर खाजकुयलीच्या शेंगा वाळल्यात, सगळं बघून मगच ही जांभळीखालची जागा ठरली. आज मुलं बसण्याआधी त्या एकेक दगड उलटतायत. विंचू दगडाखालीच असतो.

(दृश्य : केशरी पाण्यात बुडालेली बोटं. जवळून.)

रात्री भिजत घातलेल्या पळसफुलांचं हे पाणी. ताईंनी ते वाटीत ओतलं आणि त्या बाजूला झाल्या. आता काढा काय काढायचं ते. गोट्यांवर, वाळूवर, एकमेकांच्या हातांवर.

(निवेदन थांबतं. फक्त मुलांचे आवाज.)

हा लाल शर्टातला मुलगा घरी पावरी, म्हणजे पावरा समाजाची भाषा, बोलतो. अंगणवाडीच्या खोलीत तो गप्पच असतो. इथे ताईंचा हात धरून तो एकेका झाडाचं नाव सांगत सुटलाय.

(दृश्य : ओढ्याकाठाने चालणारी मुलं, दुरून.)

अंगणवाडी मुळात भिंतींची नव्हतीच. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक १९४५ साली आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या, पुढे १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर. अनुताई वाघ सोबत होत्या. मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. गुरं चारणाऱ्या मुलांसाठी कुरणावरच शाळा भरवली, ती कुरणशाळा. आजच्या अंगणवाड्या जिच्यातून सुरू झाल्या ती सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना आली ती त्यानंतर, २ ऑक्टोबर १९७५ ला. पुढे अंगणवाडीला खोली मिळाली, वजनकाटा आला, रजिस्टरं आली, मोबाइल आला. हे सगळं हवंच होतं. पण अंगण मागे पडलं.

(दृश्य : पाण्यात पाय सोडून बसलेल्या दोघी ताई.)

उंची-वजन, घरी न्यायचा आहार, गरोदर मातांच्या भेटी, मोबाइलवरच्या नोंदी, आणि मधल्या वेळात वीसेक मुलं. एरवी या दोघींना एकमेकींशी बोलायलाही सवड नसते. मुलांइतकीच ही सकाळ त्यांचीही आहे, हे आम्हाला इथे आल्यावर कळलं.

(दृश्य : आजीचे हात. जवळून.)

ज्यांना आज मजुरी नाही त्या आया आल्यात, आणि एक आजी. काठावरच्या शिंदीची पात आजींनी नखाने चिरली. दोन घड्या, आडवी-उभी. बाभळीचा काटा मधोमध टोचला, काडीला लावला. वाऱ्याकडे धरली की भिंगरी फिरते. नातीची पहिली मोडली. आजींनी दुसरी करून दिली नाही, पात तिच्याच हातात ठेवली. शेजारी बसून तिची आईही आता घड्या शिकतेय.

(दृश्य : दगडांवरून उड्या मारणारी मुलं.)

तीन-चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात किमान १८० मिनिटं हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलंय. दिवसाउजेडी बाहेर खेळण्याने लघुदृष्टीचा, म्हणजे लांबचं धूसर दिसण्याचा, धोकाही कमी होतो.

(दृश्य : खिचडीचं पातेलं, पंगत.)

गरम खिचडी इथेच वाढली जाते. आज आया सोबत होत्या, म्हणून एवढी मुलं आणता आली. मुलांना बाहेर नेण्याची वरिष्ठांची लेखी परवानगी, त्या दिवसापुरती आणखी एक बाई आणि प्रथमोपचाराची पेटी, एवढं मिळालं तर आठवड्यातून एक सकाळ इथे यायची या ताईंची तयारी आहे. शेजारच्या पाड्यांवरच्या सेविकाही हेच मागतायत.